लाईट गेल्यावर बोअरची मोटर जनरेटरवर चालवायची असेल तर

लाईट गेली की अंधाराचं फार काही वाटत नाही, टॉर्च असतो, मोबाईल असतो, पण वरची टाकी खडखडीत झाली की मग खरी पंचाईत. उघडी विहीर असेल तर निदान दोर-बादली तरी टाकता येते, बोअरमध्ये तेही नाही, पाणी ५०-६० मीटर खाली आणि वीतभर रुंदीचं भोक, मोटर फिरल्याशिवाय घोटभर पाणी वर येत नाही. मग डोक्यात जनरेटर येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, १ एचपीच्या मोटरला किती केव्हीएचा लागेल? यात बरेच जण चुकतात. मीही चुकलोय.

माझा हिशोब अगदी शाळकरी होता, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, जनरेटर २ केव्हीएचा, म्हणजे दुपटीहून जास्त, झालं की काम. जोडला, चालू केला, मोटर चालू-बंद करायच्या डब्याचं, म्हणजे पॅनलचं, हिरवं बटण दाबलं. जनरेटरचा आवाज एकदम खाली बसला, शेजारी लावलेला बल्ब पिवळा पडला आणि मोटर काही उठेना, नुसती खालून गुणगुण. मला वाटलं घेईल आता, घेईल आता, म्हणून मी बटण तसंच दाबून धरलं, आणि दोन-चार सेकंदात पॅनलमध्ये फट्ट. मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा स्टार्टिंगचा कॅपॅसिटर फुगून फाटला होता आणि तो जळका तेलकट वास दिवसभर त्या कोपऱ्यातून गेला नाही. मोटर वाचली हे नशीब.

झालं काय ते सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. एक म्हणजे ७४६ वॅट हा मोटरच्या शाफ्टवर मिळणारा जोर आहे, मोटर विजेकडून घेते त्याहून बरंच जास्त. सिंगल फेज सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, बारीक आणि लांबुळकी असते, तिची एफिशियन्सी काही फार चांगली नसते, त्यामुळे १ एचपीची मोटर चालू असताना साधारण १२०० ते १४०० वॅट खाते, २३० व्होल्टवर ७-८ अँपिअर धरा. पण हे फिरायला लागल्यावरचं. खरी गोम सुरू होण्याच्या क्षणात आहे. मोटर जागची हलताना चालू करंटच्या चार ते सहा पट ओढते, म्हणजे ३० ते ४५ अँपिअर, अर्धा-एक सेकंदच, पण ओढते. घरची लाईट हा धक्का सहज सोसते, पाठीमागे अख्खा ट्रान्सफॉर्मर उभा असतो. जनरेटरच्या पाठीमागे काय आहे, एक छोटं इंजिन आणि तांब्याची वाइंडिंग. तो धक्क्याला व्होल्टेज सोडून देतो.

आणि व्होल्टेज पडलं की मोटरचा उचलण्याचा जोर नुसता त्या प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं तर जोर ६४ टक्के, आणि ६५ टक्क्यांवर आलं तर जेमतेम ४२. म्हणजे जनरेटर थोडासाच लहान असेल तर मोटर थोडी हळू उठेल असं नाही, उठणारच नाही, जागेवर गुणगुणत राहील आणि त्या वेळी तो चार-सहा पट करंट वाइंडिंगमध्ये नुसती उष्णता करत बसेल. बटण दाबून धरायचं तर मुळीच नाही. दोन-तीन सेकंदात मोटर उठली नाही की सोडून द्या, थंड होऊ द्या, कारण शोधा. स्टार्ट कॅपॅसिटर काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो. काही पॅनलमध्ये तो रिलेने आपोआप सुटतो, पण तो रिले मोटर वेगात आली की वाढणाऱ्या व्होल्टेजवर चालतो, व्होल्टेजच मिळालं नाही तर रिले उचलत नाही आणि कॅपॅसिटर आतच अडकून राहतो. शेवट तोच, फट्ट.

तर मग साईज किती घ्यायची. साध्या जनरेटरसाठी सबमर्सिबलवाले धरतात तो अंदाज असा, अर्ध्या एचपीला २ किलोवॅट, १ एचपीला ४, दीडला ५, दोनला ७.५ आणि तीनला १०. पहिल्यांदा ऐकलं की हे आकडे अति वाटतात, आपल्याला काहीतरी महाग माल गळ्यात मारतायत असं वाटतं, पण वरचा धक्क्याचा हिशोब पाहिला तर उलट हेच काठावरचे आकडे आहेत. ४ किलोवॅटच्या जनरेटरलाही ४० अँपिअर पूर्ण व्होल्टेजवर देता येत नाहीत, तोही दबतो, फक्त मोटर उठण्याइतकं व्होल्टेज टिकवून धरतो. चांगल्या व्होल्टेज रेग्युलेटरचा, धक्का सोसायला बनवलेला जनरेटर असेल तर याहून लहानावर भागतं, पण ते विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून नाही, स्वतःची मोटर चालवून बघून.

मोटरची माहिती कुठून काढायची हा एक गमतीचा प्रश्न आहे, कारण जिच्यावर ती नेमप्लेट आहे ती मोटर पाण्याखाली. पॅनलवर लिहिलेलं असतं, जुनं बिल किंवा वॉरंटी कार्ड असेल तर त्यावर असतं, आणि काहीच नसेल तर इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवा, लाईट असताना मोटर चालू करून वायरभोवती मीटर लावला की चालू करंट लगेच कळतो. काही मीटरमध्ये सुरुवातीचा धक्का पकडायची सोय असते, ती असेल तर फारच उत्तम, अंदाजाचं काम संपलं. पॅनलवर १ एचपी लिहिलंय म्हणजे खाली १ एचपीच आहे असं गृहीत धरू नका, मोटर बदलताना जुनंच पॅनल ठेवलेलं असणं फार कॉमन आहे.

जनरेटरच्या डब्यावरचा मोठा आकडाही नीट बघा. ठळक छापलेला असतो तो बहुधा मॅक्स, जो काही मिनिटंच मिळतो, रेटेड त्याच्या खाली बारीक अक्षरात. आपला हिशोब रेटेडवर करायचा. केव्हीए आणि किलोवॅट एकच नाहीत, मोठ्या जनरेटरवर ०.८ पॉवर फॅक्टर लिहिलेला असेल तर ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट. उंचावर राहत असाल तर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कमी होतो, दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के धरा, आणि पेट्रोलचा जनरेटर गॅसवर चालवत असाल तर आणखी दहाएक टक्के गेले. आणि तो सुटकेससारखा दिसणारा शांत इन्व्हर्टर जनरेटर, लाईट-फ्रिज-लॅपटॉपला झकास आहे, पण त्यातली इलेक्ट्रॉनिक्स ओव्हरलोड दिसला की क्षणात हात वर करते, जुना जनरेटर निदान कण्हत कण्हत तरी ओढतो. बोअरसाठी घेणार असाल तर आधी मोटर उठवून दाखवायला सांगा. घरातल्या बॅटरीच्या लहान इन्व्हर्टरचं तर नावच काढू नका.

कोणी सांगेल की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून मोटर सुरू करा म्हणजे लोड कमी येईल. अर्धं खरं आहे. जागेवरून हलतानाचा धक्का तेवढाच असतो, व्हॉल्व्ह दाबलेला असला तर मोटर वेगात लवकर येते इतकंच. काठावरच्या जनरेटरला तेवढाही आधार पुरतो कधीकधी, पण व्हॉल्व्ह बंद ठेवून विसरलात तर आतलं पाणी तापून मोटर खराब होईल, तेव्हा उठल्या उठल्या उघडा.

आता वायर. जनरेटर बरोबर घेतला आणि घरातली पिवळी-नारिंगी एक्स्टेन्शन लावली की सगळं पाण्यात. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १२ मिलिओहम असतो, जनरेटर ३० मीटर लांब ठेवला तर जायचे ३० आणि यायचे ३० असे ६० मीटर होतात, म्हणजे सुमारे ०.७ ओहम. चालू मोटरच्या ८ अँपिअरला ५-६ व्होल्ट जातात, काही बिघडत नाही. पण सुरू होतानाच्या ४० अँपिअरला २८-२९ व्होल्ट वायरच खाते, आधीच दबलेल्या जनरेटरमधून. तीच वायर चार एमएमची घेतली तर ११ व्होल्ट. त्यात बोअरच्या आत उतरलेली केबल वेगळीच, ती तर बदलताही येत नाही. म्हणून वायर जाड घ्या, जेवढी लागते तेवढीच लांब घ्या, आणि गुंडाळी करून ठेवून वापरू नका, ती मध्ये तापते. एकदा मी अशी गुंडाळी हातात धरली आणि सोडून दिली, इतकी गरम.

पुढची गोष्ट मात्र थांबून वाचा. जनरेटरच्या सॉकेटमधून घरातल्या सॉकेटमध्ये, दोन्ही टोकांना पिना असलेली केबल लावून करंट उलटा घुसवायचा हा प्रकार कधीही करायचा नाही, मेन बंद केलाय ना असं कितीही खात्रीने म्हणालात तरी. मेन बंद करायचा राहिला की तुमचे २३० व्होल्ट मीटरमधून मागे जातात, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटे शिरतात, आणि ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही, तो त्याचे हजारो व्होल्ट करून लाईनवर सोडतो. त्या लाईनवर त्याच वेळी कोणीतरी वायरमन चढलेला असतो, कारण लाईट गेलीय म्हणूनच तर तो चढलाय. शिवाय त्या केबलचं एक टोक निघालं तर उघड्या पिनांवर जिवंत करंट आहे, आणि मध्येच लाईट आली तर जनरेटर गेला.

याला उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. फक्त मोटरसाठी लावायचा असेल तर दोन पोलचा पुरतो, १-०-२ असा, एका बाजूला लाईट, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद, आणि खाली मोटरचं पॅनल. दोन पोल म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे, नुसता फेज बदलणारा नको. तो एकाच वेळी दोन्हीकडे लागूच शकत नाही, तुम्ही रात्री झोपेत उठून फिरवलात तरी. चालू करंट ८ अँपिअर असला तरी स्विच ३२ चा घ्या, सुरुवातीचा धक्का त्याच्याच कॉन्टॅक्टवरून जातो. हे काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी स्वतः घरात बरंच काही उघडून बसतो पण मेनच्या अलीकडे-पलीकडे हात घालत नाही.

त्याच माणसाला अर्थिंगचंही बघायला सांगा. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरमध्ये न्यूट्रल बॉडीला किंवा जमिनीला जोडलेला नसतो, लोंबकळता असतो, म्हणून टेस्टर लावला तर दोन्ही वायरींवर मंद पेटतो आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी तुमचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज झाल्यावर वीज तोडणारा स्विच, जागेवर असला तरी लीकेज झाल्यावर तो पडेलच असं नाही, कारण गळालेल्या करंटला जनरेटरकडे परत जायला रस्ताच नसतो. न्यूट्रल कुठे बांधायचा हे तुमच्या वायरिंगवर ठरतं, ते तो बघून ठरवेल, आपण यूट्यूब बघून नाही. बोअर, ओली जमीन आणि वीज एकत्र आहेत हे लक्षात असू द्या.

तीन फेजची मोटर असेल तर जनरेटरही तीन फेजचा, चेंजओव्हर चार पोलचा, आणि फेजचा क्रम घरच्या लाईटसारखाच जुळवलेला. क्रम उलटा लागला तर मोटर उलटी फिरते आणि गंमत म्हणजे पाणी तरीही येतं, पण अगदी थोडं, आणि माणूस समजतो की बोअर आटली.

आता चालवायची पद्धत. घाई करायची नाही. आधी मोटरचं पॅनल बंद, चेंजओव्हर मध्यावर. जनरेटर सुरू करायचा, चोक उघडायचा आणि दोन-तीन मिनिटं तसाच फिरू द्यायचा, आवाज एकसारखा झाला पाहिजे. मग चेंजओव्हर जनरेटरकडे, व्होल्टमीटर असेल तर २३० च्या आसपास आहे ना बघायचं, जनरेटरवर दुसरं काहीही नको, फ्रिजसुद्धा नको, आणि मग मोटर. एकदम दबून पुन्हा सावरला म्हणजे उठली. मग फ्रिज-बल्ब लावा हवं तर, पण मोटर सगळ्यात आधी आणि बाकी नंतर.

बंद करताना बरोब्बर उलटं, आणि हे लोक हमखास विसरतात. आधी मोटर बंद करायची, मग जनरेटर. मोटर लागलेली असतानाच जनरेटरची चावी फिरवली तर इंजिन हळूहळू मंदावतं, आणि त्याबरोबर फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही घसरतात, मोटर कमी वेगात रेंगाळते. सबमर्सिबलच्या तळाशी थ्रस्ट बेअरिंग असतं, पंपाचा सगळा दाब त्यावर, आणि त्याला वंगण काय तर फिरण्यामुळे मध्ये धरून राहणारा पाण्याचा पातळ थर. वेग पडला की थर जातो आणि बेअरिंग कोरडं घासतं. एकदा घासलं म्हणून लगेच काही जात नाही, पण सवय लागली तर मोटर वर काढायची वेळ येते आणि ५०-६० मीटर पाइप ओढून काढणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. पेट्रोल संपून जनरेटर बंद पडला तरी अगदी हेच होतं, म्हणून सुरू करायच्या आधी टाकी बघा, चालू असताना पेट्रोल ओतायचं नाही, बंद करून थंड झाल्यावर ओतायचं. ऑइलही बघा, ऑइल कमी झालं की काही जनरेटर स्वतःहून बंद पडतात, तीच कथा.

किती वेळ चालवायचं? मी तरी मोटर दिवसभर जनरेटरवर ठेवत नाही, टाकी भरायची आणि बंद. १ एचपीचा पंप ६० मीटर उंचीला मिनिटाला ३५-४० लिटर देत असेल तर १००० लिटरची टाकी अर्ध्या तासात भरते, आणि ती काटकसरीने घरातल्या चार माणसांना दोन-तीन दिवस जाते. प्रेशर टाकी आणि प्रेशर स्विचवर चालणारी मोटर असेल तर अवघड, नळ वापरून टाकीतला दाब उतरला की मोटर आपणहून उठणार, प्रत्येक वेळी तोच धक्का, आणि जनरेटर बाकीच्या लोडवर असताना. तिथे लाईट नसेपर्यंत पॅनल हातानेच चालू-बंद करा, पिंपं-बादल्या एकदाच भरून घ्या. व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालणारा पंप असेल तर तो हळूहळू वेग घेतो, त्याला लहान जनरेटर पुरतो, पण तो जनरेटरच्या खराब वेव्हफॉर्मवर एरर दाखवून बसू शकतो, म्हणून तोही आधी चालवून बघायचा.

मोटर बंद करून लगेच पुन्हा सुरू करू नका, पाइपातलं पाणी खाली उतरत असेल तर पंप उलटा फिरत असतो आणि त्याला त्याच क्षणी सुलटं फिरवायला गेलात तर धक्का नेहमीपेक्षा मोठा. एक-दोन मिनिटं जाऊ द्या.

जनरेटर कुठे ठेवायचा, तर बाहेर, उघड्यावर, खिडक्या-दारांपासून निदान ६ मीटर लांब आणि सायलेन्सरचं तोंड घरापासून पलीकडे. पंपाच्या खोलीत नाही, जिन्याखाली नाही, शटर अर्धं उघडं ठेवून गॅरेजमध्येही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. पाऊस असेल तर वर छत असू द्या पण चारी बाजू मोकळ्या, आणि ओल्या हाताने प्लग नाही.

महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं जनरेटर चालवा, तेही रिकामा नाही, मोटर लावूनच, म्हणजे दोन्हींची परीक्षा होते. पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो आणि नेमकी लाईट गेली त्या रात्री दोरी ओढून ओढून खांदा जातो. जनरेटर ठेवून द्यायचा असेल तेव्हा आधी मोटरचं पॅनल बंद करा आणि पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्या, कार्ब्युरेटर रिकामा होतो. नव्या जनरेटरचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलतात, नंतर दर १०० तासांनी, पण पुस्तिकेत जे असेल ते धरा.

माझ्या पॅनलच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय, लाईटवर चालू करंट किती आणि जनरेटरवर किती, मोटर उठायला किती सेकंद लागतात, तारखेसकट. गेल्या वेळी जनरेटरवर एकऐवजी दोन सेकंद लागले, म्हणून कॅपॅसिटर तपासला, तर त्याची मायक्रोफॅरॅडमधली क्षमता छापील आकड्याच्या पाऊणच उरली होती. पंधरा मिनिटांत बदलला, आणि पुन्हा एका सेकंदावर आली.